किल्ली हातात, नाव दुसऱ्याचं

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. मग दार लावून आवाज ऐकतो, टायर दाबून बघतो, एसी पूर्ण सोडून जाळीपुढं हात धरतो आणि शेवटी विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" विकणारा सांगेल तो आकडा खरा धरून घासाघीस सुरू होते. पाच हजार कमी करा, टायर नवे टाकून द्या, म्युझिक सिस्टीम काढू नका. यात तास-दीड तास सहज जातो. आरसी मात्र कोणी धड वाचत नाही. "कागद क्लिअर आहेत ना?" "एकदम क्लिअर." झालं. चार-पाच लाखांचा व्यवहार या दोन वाक्यांवर उरकतो.

मला या दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे, कारण जुन्या गाडीतली बहुतेक फसवणूक इंजिनात नसून इथं असते.

आरसीवर तुमचं नाव चढत नाही तोवर गाडी घेतली असं समजू नका. आरसीवरून नाव उतरत नाही तोवर विकली असंही समजू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्यानं गाडी दिल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं; गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. दोन फॉर्म, दोन सह्या, थोडी फी. एवढ्या साध्या कामाचा आपण जो विचका करून ठेवला आहे तो बघून राग येतो.

विचका असा. तुम्ही गाडी एजंटाला विकता. तो पैसे देतो, गाडी नेतो आणि जाताना मालकी बदलण्याच्या या फॉर्मवर तुमच्या सह्या घेतो. फॉर्म कोरे. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. "गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करू, उगाच दोनदा ट्रान्स्फर कशाला?" असं तो समजावतो. तुम्हालाही ते पटतं, कारण पैसे खात्यात आलेले असतात. मग गिऱ्हाईक मिळतं. ते म्हणतं, नंतर करू नावावर. ते वर्षभर चालवून तिसऱ्याला विकतं. तिसऱ्याकडून चौथ्याकडे. तुमचे कोरे फॉर्म गाडीच्या डॅशबोर्डात फिरत राहतात आणि गाडी तुमच्याच नावावर गावोगाव हिंडत राहते.

यातून काय घडू शकतं ते सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये निकालात लिहून ठेवलं आहे. एका अपघाताचं प्रकरण होतं. गाडी मूळ मालकानं विकली होती आणि पुढं ती अनेक हातांतून गेली होती. उच्च न्यायालयानं शेवटी जिच्या ताब्यात गाडी होती त्या व्यक्तीला भरपाईसाठी जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्यानं मालक. भरपाई त्यानं द्यायची. अपघातात जखमी झालेल्या माणसानं गाडीच्या विक्रीची साखळी शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते शंभर टक्के मान्य आहे. रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्यानं तुमच्या एजंटाचा पत्ता का शोधावा?

याहून भीषण प्रसंग ताजा आहे. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला. पोलीस नोंदणीवरून आधी ज्याच्या दारात गेले त्यानं गाडी केव्हाच विकलेली होती. त्यालाच ताब्यात घेऊन चौकशी झाली. गाडी मधल्या काळात हात बदलत गेली, कागद मात्र तिथंच राहिले. आपण विकलेली गाडी कोणाच्या हाती जाणार हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तर ती आपल्या नावावर ठेवायची नसते.

आता एजंटाकडे किंवा जुन्या गाड्यांच्या दुकानात गाडी विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी दुकानदार स्वतःहून फारसे सांगत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून परवानगी घ्यायची आहे. तुम्ही त्याला गाडी दिलीत की फॉर्म २९सी भरून तशी नोंद ऑनलाइन करायची. त्या क्षणापासून तो डीलर गाडीचा मानीव मालक. पुढचं चलान, अपघात, पोलीस, सगळं त्याच्या डोक्यावर. एवढी चांगली तरतूद हाताशी असताना आपण अजून कोऱ्या कागदावर सह्या करतो आहोत. दुकानात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही अधिकृत डीलर आहात का, फॉर्म २९सी भरता का? उत्तर देताना तो इकडंतिकडं बघू लागला तर उठा. चहा आला असेल तरी उठा.

विकणाऱ्यानं आणखी दोन गोष्टी त्याच दिवशी करायच्या. फास्टॅग बंद करायचा. तो तुमच्या केवायसीवर असतो आणि टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतात. आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ घालून घेणाऱ्याची सही असलेली पावती, त्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह, जपून ठेवायची. त्या तारखेनंतर आलेलं चलान कोणाचं, हे सांगायला निदान पुरावा राहतो.

घेणाऱ्याकडे वळू.

गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर मागा. नंबर द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे जाऊच नका. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बरंच काही समोर येतं: नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. "सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी" अशी जाहिरात आणि ॲपवर मालक तिसरा, असं दिसलं तर तिथंच निकाल लागला. जो मालकाचा क्रमांक खोटा सांगतो तो किलोमीटर खरे सांगेल असं मानायला काही आधार नाही. ई-चलानही तिथंच तपासा. दंड थकलेला असेल तर नाव चढताना तो आडवा येतो, आणि तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

बोजा हा सगळ्यांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग. आरसीवर बँकेचं नाव असेल तर गाडीवर बँकेचा हक्क आहे. "हप्ते केव्हाच संपले" हे तोंडचं झालं. कर्ज फिटल्यावर बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते; ते आरटीओत दाखल केल्यावर बोजा उतरतो. हप्ते संपूनही वर्षानुवर्षं बोजा न उतरवणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात बँकेच्या एनओसीवर बहुधा मुदत छापलेली असते. ती उलटून गेली की नवी आणायला पुन्हा बँकेत खेटे. हे खेटे विकणाऱ्यानं घालायचे, तुम्ही नव्हे. बोजा उतरलेली आरसी समोर येईपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका. टोकनही अगदी थोडं द्या आणि व्यवहार कोणत्या कारणानं मोडला तर ते परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.

परराज्यातली स्वस्त गाडी हा आणखी एक मोह. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी आधी राष्ट्रीय हरित लवादानं घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. नंतर त्या बंदीत बरेच चढउतार झाले, पण बंदीच्या धास्तीनं तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या कमी भावात देशभर गेल्या. आपल्याकडेही आल्या. किंमत ऐकून डोळे विस्फारतात. पण मूळ आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी हवी, इथं पुन्हा नोंदणी हवी आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरायला हवा. तिथं भरलेल्या कराचा परतावा तिथल्याच राज्याकडे मागायचा, म्हणजे त्या पैशांचा भरवसा धरू नका. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. गाडीच्या भावात हे सगळं मिळवा आणि मग स्वस्त वाटते का ते सांगा. एनओसी हातात नसेल तर हिशेबही करू नका.

विम्याबाबतचा गैरसमज फार महागात पडतो. "विमा पुढच्या मार्चपर्यंत आहे" असं सांगून गाडी विकली जाते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो. कलम १५७ तसं म्हणतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा १९९६ मध्येच निकाली काढला आहे. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करायची. न करता तिसऱ्या महिन्यात गाडी ठोकली तर कंपनी क्लेम नाकारेल, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. नो क्लेम बोनसही गाडीचा नसतो, माणसाचा असतो. २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जाणारी ती सवलत जुना मालक आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो. तुम्हाला फरकाची रक्कम भरावी लागते.

आता पत्र्याकडे. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे गाडी घेण्याआधी हजार-दोन हजार रुपये देऊन आपला मेकॅनिक बरोबर न्यावा हाच माझा सल्ला. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक मात्र नको. तरी काही गोष्टी कोणालाही बघता येतात. मीटर मागे करणं फार सोपं झालं आहे, म्हणून मीटरवर विसंबू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसची नोंद काढा, तिथं प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी "फक्त पंचवीस हजार चाललेली" आणि चारही टायर एकदा बदललेले, असं असेल तर कारण विचारा. काचांवरही वर्षाच्या खुणा असतात. एखादीच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काय झालं होतं तेही विचारा.

पाण्यात बुडालेली गाडी हा महाराष्ट्रापुरता तरी खास विषय आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चं चिपळूण. अशा पुरांत गाड्यांच्या गाड्या बुडतात. विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलेली गाडी भंगारातच जाते असं नाही; ती विकली जाते, धुतली जाते, रंगवली जाते आणि जिथं पूर आलाच नव्हता अशा जिल्ह्यात विक्रीला उभी राहते. तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का, मॅटखालचा गालिचा उचलल्यावर वास येतो का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हे बघा. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. बुडालेल्या गाडीची वायरिंग पुढची दोन-तीन वर्षं पैसे खात राहते, आणि ती कधी दगा देईल हे कोणी सांगू शकत नाही. अशी गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. त्याचा उपयोग लोक फक्त भाव पाडायला करतात. खरं तर तुमच्या घरचे लोक त्या गाडीत कितपत सुरक्षित आहेत ते त्यावरून कळतं. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. पन्नास हजार वाचवून २०१७ ची बिनएअरबॅगची गाडी घ्यायची आणि पुढच्या सीटवर पोराला मांडीवर घेऊन बायकोला बसवायचं, हे कोणत्याही बापाला शोभत नाही. मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या आसनात. आणि गाडी थोडी जुनी चालेल, पण एबीएस आणि दोन एअरबॅग असलेली घ्या.

नव्या गाडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं फसवणूक उघड्यावर, छापील कागदावर होते. फक्त वाचावं लागतं. कोटेशन घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" अशा नावानं काही हजार लावले असतील तर ते कशाचे, असं विचारा आणि काढायला लावा. ॲक्सेसरीजचं पॅकेज घ्यायची सक्ती नसते. विमा शोरूममधूनच घ्यायचा, असाही कायदा नाही. बाहेर दोन ठिकाणी दर काढले की शोरूमचा दर खाली येतो. किंमत दहा लाखांवर असेल तर एक टक्का टीसीएस लागतो. तो तुमच्या नावे जमा झालेला आयकर असतो, विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. हे माहीत नसल्यामुळं किती घरांनी ते पैसे सोडून दिले असतील! आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. चार मीटरच्या आतली, पेट्रोलची १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलची १५०० सीसीपर्यंतची गाडी त्यात बसते. जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी नव्याचा आजचा भाव आधी काढावा. जुन्याचे भाव सांगणाऱ्यांच्या डोक्यात अजून जुना कर असतो.

आणि हप्ता. शोरूममधला माणूस किंमत सांगत नाही, हप्ता सांगतो. "सर, फक्त बारा हजार आठशे." आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,८७० रुपये बसतो आणि एकूण व्याज जातं सुमारे २ लाख ८१ हजार. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,६०० च्या आसपास, व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. फरक ८५ हजारांचा. शिवाय विमा कंपन्याच गाडीची किंमत पाच वर्षांनी निम्मी धरतात. सात वर्षांच्या कर्जात पाचव्या वर्षअखेरही पावणेतीन लाखांच्या वर देणं शिल्लक असतं. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी लहान घ्या. सात वर्षांचं कर्ज घेऊन मोठी घेऊ नका.

पाडव्याला, दसऱ्याला गाडी दारात यावी ही हौस मी समजू शकतो. पण मुहूर्ताच्या घाईत डिलिव्हरी घेताना चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना कागदाशी जुळवून बघायला दोन मिनिटं काढाच. नारळ त्यानंतर फोडा.

शेवटी एक विनंती, घेणाऱ्यांना नव्हे, विकून मोकळे झालेल्यांना. मागच्या पाच-दहा वर्षांत तुम्ही विकलेली प्रत्येक मोटार, प्रत्येक स्कूटर आठवा. तिचा नंबर आज रात्री परिवहनच्या संकेतस्थळावर टाका. मालकाचं नाव तिथं अर्धं झाकलेलं असतं, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतं. ते तुमचंच निघालं तर घेणाऱ्याला फोन करा, पावती शोधा आणि सोमवारी सकाळी आरटीओत जाऊन विक्री लेखी कळवा. पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.